रिकामं वजन

सावद्याच्या काट्यावर मी बसतो.
केळीचा ट्रॅक्टर चढतो, मी लिहितो: भरलं.
घड उतरवून तोच परत येतो: रिकामं.
मधला फरक तेवढा माल.
सव्वीस वर्षं हीच वजाबाकी.

माझा मोठा भाऊ लीलाधर
कॉलेजात असताना बावन्न किलो होता.
सायकलने फैजपूर, डब्यात कळण्याची भाकरी,
आणि कबड्डीत त्याला धरायला गेलेल्याच्या
मुठीत नुसती धूळ यायची.

एकविसाव्या वर्षी विजेच्या तारा त्याच्याशी बोलू लागल्या.
आम्ही आधी मुंजोबाला नारळ दिला,
मग जळगावचा डॉक्टर, मग गोळ्या.
तारा हळूहळू गप्प झाल्या.
गोळ्यांना मी बोल लावत नाही,
त्यांच्यामुळेच तो पुन्हा ओट्यावर बसून
येणाऱ्या-जाणाऱ्याला रामराम घालू लागला.
पण तारा गप्प झाल्या आणि भूक बोलू लागली.
रात्री दोनला शेंगदाण्याचा डबा, शिळी खिचडी,
मुठीने साखर.
उरलेल्या वेळात बिड्या.

एकदा गमतीत मी त्याला काट्यावर उभं केलं.
हमाल हसले, तोही हसला.
ट्रकच्या काट्याला दहा किलोच्या आतलं काही कळत नाही,
त्याने नव्वद दाखवले.
‘सुपडू,’ तो म्हणाला, ‘पावती दे ना.’
मी दिली नाही.
त्याचं वजन लिहिलेला तेवढा एक कागद झाला असता.

मग तहान. तांब्यावर तांब्या, पहाटेपर्यंत माठ कोरडा.
आई म्हणायची, नवीन खूळ.
वैशाखात इथे सगळेच पितात, शेहेचाळीस डिग्री,
कोण कोणाची तहान मोजणार?
अंगठ्याला चपलेचा खिळा लागला,
दिवाळी आली तरी जखम भरली नाही.
आम्ही हळद लावत राहिलो.

माघात एका सकाळी शर्टाचं बटण चिमटीत धरून म्हणाला,
‘माह्या छातीवर कोन्हीतरी बसेल हाये.’

भुसावळला नेलं.
डॉक्टरांनी आधी गोळ्यांची चिठ्ठी वाचली,
मग चष्म्यावरून मला विचारलं,
याला काय होतंय?
त्याला नाही, मला.
आणि मी, लहान भाऊ, हिशोबातला माणूस,
आवाज खाली करून सांगितलं:
साहेब, त्याला भास होतात.

हे मी म्हणालो. दुसरं कोणी नाही.

गॅसचं औषध मिळालं.
रस्त्यात नाक्यावर त्याने चहा मागितला,
मी साखर कमी टाकायला सांगितलं,
तेवढीच माझी काळजी.
बशी धरलेला हात घामाने निथळत होता
आणि वारा तर थंड होता.
‘बसेल हाये अजून,’ तो म्हणाला.
मी म्हणालो, उठेल.

बुधवारी पहाटे आई चूल पेटवायला उठली
तेव्हा तो उठला नाही.
चव्वेचाळीस.
आमच्या घरात या वयाला माणसं
पोरींची लग्नं ठरवत असतात,
आजोबा शहाण्णवव्या वर्षी बैल पाहायला यावलला जात.

दारात लोक बसले. म्हणाले, सुटला बिचारा.
मग मला बाजूला घेऊन, हळूच:
तुम्हीपण सुटले.
मी मान हलवली.
ती मान अजून जागेवर आलेली नाही.

परवा माझ्याच छातीत जरा आवळलं.
भुसावळलाच गेलो, त्याच बाकावर बसलो.
दुखतंय, म्हणालो. एवढंच.
नर्सने शर्ट काढायला लावला,
छातीवर थंड थंड चकत्या चिकटवल्या,
यंत्रातून सळसळत कागद निघाला.
बोटातून रक्त घेतलं. वजनही केलं.
काही नाही, डॉक्टर म्हणाले, पण बरं झालं आलात.

एका शब्दावर.
मागे कोणाला विचारायची गरज पडली नाही.

तो कागद मी काट्याच्या खणात ठेवला आहे,
कोऱ्या पावत्यांच्या खाली.
बाहेर ट्रॅक्टर हॉर्न देतो आहे.
भरलेला असावा.